अमेरिकेत शेतीचं सरकारी अनुदान नेमकं कोणाच्या खात्यात जातं? एका ग्रामीण काउंटीच्या हिशोबातून समजून घ्या

'अमेरिकेत शेतकऱ्याला सरकार लाखो डॉलर देतं', अशा पोस्ट सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतात. त्यावर लगेच दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे, 'बघा, तिकडे शेतकऱ्याची किती किंमत आहे!' आणि दुसरी, 'तिकडे सगळा पैसा मोठ्या कंपन्या खातात.'

दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण पूर्ण चित्र कशातच नाही. हा पैसा वॉशिंग्टनमध्ये मंजूर होतो, पण कोणाला किती मिळणार याचा हिशोब काउंटीच्या पातळीवर होतो. तिथल्या कार्यालयातल्या नोंदीत ज्याचं नाव आणि जेवढी जमीन, त्याला तेवढा पैसा. हे कसं चालतं आणि त्यातून कोण सुटून जातं, ते आर्कान्सा राज्यातल्या पॉइनसेट काउंटीच्या उदाहरणाने समजून घेऊ.

काउंटी म्हणजे काय?

काउंटी हे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं प्रशासकीय एकक आहे. अमेरिकेत अशा 3,100 हून जास्त काउंट्या आहेत. ग्रामीण काउंटीची लोकसंख्या मात्र आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी असू शकते. पॉइनसेट काउंटीत 2020 च्या जनगणनेनुसार सुमारे 23 हजार लोक राहतात. भात आणि सोयाबीन ही इथली मुख्य पिकं. अमेरिकेतला जवळपास निम्मा तांदूळ एकट्या आर्कान्सात पिकतो आणि पॉइनसेट ही तिथल्या भात पिकवणाऱ्या आघाडीच्या काउंट्यांपैकी एक आहे.

केंद्रीय कृषी खात्याच्या 'फार्म सर्व्हिस एजन्सी' या विभागाची देशभरात 2,100 हून जास्त काउंटी कार्यालयं आहेत. शेतकऱ्याचा अनुदानाशी संबंध येतो तो याच कार्यालयात. प्रत्येक शेताला तिथे एक क्रमांक असतो. त्याखाली जमिनीचे तुकडे, त्यांचे नकाशे, मालक कोण आणि कसणारा कोण, याची नोंद असते. कोणत्या तुकड्यात काय पेरलं, हे शेतकऱ्याला दरवर्षी कळवावं लागतं. उन्हाळी पिकांसाठी बहुतेक ठिकाणी 15 जुलै ही शेवटची तारीख असते. आपल्याकडचा सातबारा आणि ई-पीक पाहणी एकत्र केली, तर ही व्यवस्था साधारण डोळ्यांसमोर येईल.

सुरुवात कधी झाली?

1929 च्या मंदीनंतर अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले. माल जास्त आणि गिऱ्हाईक कमी, असं सरकारचं निदान होतं. म्हणून मे 1933 मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने 'ॲग्रिकल्चरल ॲडजस्टमेंट ॲक्ट' हा कायदा आणला. त्याचा गाभा सोपा होता. शेतकऱ्याने कमी पिकवायचं आणि त्याबदल्यात सरकारने पैसे द्यायचे. त्या वर्षी उभ्या कापसावर नांगर फिरवून सुमारे 1 कोटी एकरांवरचं पीक मोडलं गेलं. सुमारे 60 लाख डुकरांची कत्तल झाली.

दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यात तेव्हा जमीन एकाची आणि कसणारा दुसराच, असा प्रकार सर्रास होता. कसणारे बहुतेक बटईदार, म्हणजे पिकाच्या वाट्यावर राबणारे. त्यांत कृष्णवर्णीय होते तसे गरीब गोरेही. सरकारचा करार मात्र जमीनमालकाशी व्हायचा आणि पैशाचा मोठा भाग मालकाच्या हाती पडायचा. लागवड कमी झाल्यावर तेवढे बटईदारही नको झाले. अनेक मालकांनी पैसे घेतले आणि बटईदारांना घराबाहेर काढलं.

पॉइनसेट काउंटीचं नाव इतिहासात येतं ते इथेच. जुलै 1934 मध्ये या काउंटीतल्या टायरोंझा गावाजवळ 11 गोरे आणि 7 कृष्णवर्णीय पुरुष एकत्र जमले आणि त्यांनी 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' ही संघटना काढली. कपडे धुण्याचं दुकान चालवणारे एच. एल. मिचेल आणि पेट्रोल पंप चालवणारे क्ले ईस्ट हे तिचे पुढारी. वर्णभेद कायद्यानेच पाळला जात होता, त्या काळात दोन्ही वर्णांचे लोक एकाच संघटनेत येणं ही मोठी गोष्ट होती. सरकारी पैशात बटईदाराचा वाटा आणि बेदखलीपासून संरक्षण, या त्यांच्या मागण्या होत्या.

वॉशिंग्टनमध्येही यावरून वाद पेटला. कापसाच्या करारात शक्यतो बटईदारांना कायम ठेवावं, असं कलम होतं. कृषी खात्याच्या काही वकिलांनी त्याचा अर्थ बटईदारांच्या बाजूने लावला. फेब्रुवारी 1935 मध्ये त्या गटातल्या वकिलांना नोकरीवरून काढण्यात आलं. 1936 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच रद्द ठरवला, पण 1938 मध्ये नव्या रूपात तो परत आला. टायरोंझात आज या संघटनेचं संग्रहालय आहे.

आज पैसा कोणत्या योजनांतून येतो?

आज मुख्य वाटा चार आहेत.

1. भावातल्या घसरणीची भरपाई. या योजनेचं नाव 'प्राइस लॉस कव्हरेज', म्हणजे पीएलसी. कायद्यात प्रत्येक पिकाचा एक आधारभाव ठरलेला असतो. वर्षाचा सरासरी बाजारभाव त्याखाली गेला, तर फरकाइतकी रक्कम मिळते.

2. उत्पन्नातल्या घटीची भरपाई. ही 'ॲग्रिकल्चर रिस्क कव्हरेज', म्हणजे एआरसी. इथे भाव आणि उतारा दोन्ही धरून काउंटीचं एकरी उत्पन्न नेहमीच्या पातळीपेक्षा किती घसरलं, ते पाहतात. 2014 च्या कायद्यापासून शेतकऱ्याने प्रत्येक पिकासाठी या दोनपैकी एक योजना निवडायची, अशी पद्धत आहे.

3. पीकविमा. विमा खासगी कंपन्या विकतात, पण हप्त्याचा सरासरी 60 टक्क्यांच्या आसपास भाग सरकार भरतं.

4. जमीन पडीक ठेवण्याचं भाडं. 1985 पासून चालत आलेल्या 'कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम'मध्ये धूप होणारी जमीन 10 ते 15 वर्षं लागवडीबाहेर ठेवून तिथे गवत किंवा झाडं लावायची आणि सरकारकडून वार्षिक भाडं घ्यायचं.

याशिवाय संकटाच्या वर्षी वेगळं पॅकेज येतं. चीनशी व्यापारयुद्ध सुरू झाल्यावर 2018 आणि 2019 च्या पिकांसाठी मिळून सुमारे 23 अब्ज डॉलर वाटले गेले. 2020 मध्ये कोविडच्या मदतीसह थेट सरकारी रक्कम 45 अब्ज डॉलरच्या वर गेली. डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा 12 अब्ज डॉलरची घोषणा झाली.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. पीएलसी आणि एआरसी या योजना मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात, भुईमूग अशा ठरावीक पिकांसाठीच आहेत. भाजीपाला आणि फळं पिकवणाऱ्यांना त्यांचा लाभ नाही.

'बेस एकर' म्हणजे काय?

या व्यवस्थेतला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी समजला जाणारा शब्द म्हणजे 'बेस एकर'. पीएलसी आणि एआरसीचा पैसा यंदा पेरलेल्या क्षेत्रावर मिळत नाही. त्या जमिनीवर पूर्वी कोणतं पीक किती क्षेत्रात होतं, त्या नोंदीवर तो मिळतो. ही नोंद जमिनीला चिकटलेली असते. जमीन विकली की नोंदही नव्या मालकाकडे जाते.

समजा, एका शेतावर भाताचे 1,000 बेस एकर आहेत आणि नोंदीतला उतारा एकरी 60 हंड्रेडवेट आहे. एक हंड्रेडवेट म्हणजे 100 पौंड, साधारण 45 किलो. 2024 च्या पिकापर्यंत लांब दाण्याच्या भाताचा आधारभाव हंड्रेडवेटला 14 डॉलर होता. बाजारभाव 12 डॉलर निघाला, तर फरक 2 डॉलरचा. बेस एकरांच्या 85 टक्के क्षेत्रावरच पैसे मिळतात. म्हणजे 850 एकर गुणिले 60 गुणिले 2, एकूण 1 लाख 2 हजार डॉलर.

आता तेवढ्याच उताऱ्याच्या 10 बेस एकरांचा हिशोब करा. रक्कम येते 1,020 डॉलर. शेजारच्या ज्या शेताची भाताची जुनी नोंदच नाही, त्याला भाताचे शून्य डॉलर, मग तिथे यंदा उत्तम भात का उभा असेना. आणि भाताची नोंद असलेल्या शेतात यंदा सोयाबीन पेरलं, तरी भाताच्या हिशोबाने पैसे मिळतात.

असं का ठेवलं? पैशाच्या आशेने शेतकऱ्याने ठरावीक पीकच पेरत राहू नये, बाजार बघून पीक निवडावं, हा हेतू होता. तो बऱ्याच अंशी साधला. पण त्याचा उलटा परिणामही दिसला. 2006 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने दाखवून दिलं की 2000 पासून किमान 1.3 अब्ज डॉलर शेती न करणाऱ्यांना गेले होते. टेक्ससमध्ये तर जुन्या भातशेतीच्या जागेवर घरं झाली होती आणि घरमालकांना अनुदान सुरू होतं. तेव्हाचं ते थेट अनुदान 2014 मध्ये बंद झालं. बेस एकरांची नोंद मात्र चालूच राहिली.

जुलै 2025 च्या कायद्याने भाताचा आधारभाव 14 वरून 16.90 डॉलर केला आणि देशभरात 3 कोटी एकरांपर्यंत नवी नोंद करण्याची तरतूद केली. या कायद्याखालच्या 2025 च्या पिकाच्या रकमा ऑक्टोबर 2026 पासून मिळायच्या आहेत, कारण बाजारवर्ष संपल्याशिवाय सरासरी भाव ठरत नाही.

तुमचं शेत बुडालं, काउंटी तरली, तर?

एआरसीत शेतकरी सहसा काउंटीची सरासरी धरणारा पर्याय घेतात. त्यात एकेका शेताचं नुकसान मोजलं जात नाही, सगळ्या काउंटीचा सरासरी उतारा धरतात. नदीकाठच्या एखाद्याचं शेत पाण्याखाली गेलं, पण बाकी काउंटीत पीक चांगलं आलं, तर त्याला या योजनेतून काहीच मिळत नाही. उलट, स्वतःचं पीक उत्तम आलं आणि काउंटीची सरासरी घसरली, तर पैसे मिळतात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना हे गणित नवं नाही. पीकविम्यात महसूल मंडळ हे एकक धरून पीक कापणी प्रयोगांवरून नुकसान ठरतं, तेव्हा नेमकी हीच तक्रार ऐकू येते.

2019 च्या व्यापारयुद्ध पॅकेजमध्ये तर प्रत्येक काउंटीचा एकच दर ठरला होता, एकरी 15 ते 150 डॉलर. काउंटीची हद्द ओलांडली की दर बदलायचा. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना तेच पीक असलं तरी रक्कम वेगळी.

निर्णय कोण घेतं?

प्रत्येक काउंटी कार्यालयावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते. तीन ते अकरा सदस्य, मुदत तीन वर्षं, मतदान टपालाने. योजना स्थानिक पातळीवर कशा राबवायच्या, तक्रारी, पात्रतेचे प्रश्न यांवर समितीचा शब्द चालतो. गावची माहिती असलेल्या माणसांनी निर्णय घ्यावा, ही कल्पना चांगली आहे. पण गावातले हेवेदावे आणि भेदभावही त्याच दाराने आत येतात.

दक्षिणेत अनेक दशकं या समित्यांवर गोऱ्या जमीनदारांचा वरचष्मा होता. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे कर्जाचे अर्ज रखडायचे, नाकारले जायचे किंवा पेरणीचा हंगाम उलटल्यावर मंजूर व्हायचे. 1997 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातले शेतकरी टिमथी पिगफर्ड यांच्या नावाने कृषी खात्याविरुद्ध सामूहिक खटला उभा राहिला. 1999 मध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली आणि त्यातून हजारो शेतकऱ्यांना मिळून सुमारे 1 अब्ज डॉलर मिळाले. मुदतीत अर्ज न पोहोचलेल्यांसाठी 2010 मध्ये आणखी 1.25 अब्ज डॉलर मंजूर झाले.

तोवर बरंच काही हातचं गेलं होतं. 1920 मध्ये अमेरिकेत सुमारे 9 लाख 25 हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ती संख्या 50 हजारांच्या खाली आहे. शहरांकडे झालेलं स्थलांतर, यंत्रं आणि कर्जबाजारीपणा ही त्यामागची कारणं आहेतच. पण काउंटी कार्यालयात दार बंद असणं हेही एक कारण होतं. 2021 मध्ये कर्जमाफीसाठी ठेवलेले सुमारे 4 अब्ज डॉलर गोऱ्या शेतकऱ्यांच्या याचिकांमुळे न्यायालयात अडकले आणि पुढच्या वर्षी ती तरतूदच रद्द झाली. तिच्या जागी आलेल्या नव्या निधीतून जुलै 2024 मध्ये, कर्जवाटपात भेदभाव सोसलेल्या 43 हजारांहून जास्त लोकांना सुमारे 2 अब्ज डॉलर देण्यात आले. तो निधी कोणत्याही एका वर्णापुरता नव्हता.

आणखी एक अडचण कागदाची होती. मृत्युपत्र नसल्याने अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राहिली. मालकीचा स्पष्ट कागद नाही म्हणून शेताचा क्रमांक नाही आणि क्रमांक नाही म्हणून कोणतीच योजना नाही. 2018 च्या कायद्याने अशा वारसांना इतर पुरावे देऊन क्रमांक मिळवण्याची सोय केली.

मोठ्यांना जास्त का मिळतं?

एकराप्रमाणे पैसा मिळतो, म्हणून जास्त एकर असलेल्याला जास्त. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेच्या हिशोबानुसार 1995 ते 2021 या काळात पिकांवरच्या अनुदानाचा 78 टक्के भाग वरच्या 10 टक्के लाभार्थ्यांना गेला.

कायद्यात मर्यादा आहे. एका व्यक्तीला पीएलसी आणि एआरसी मिळून वर्षाला 1 लाख 25 हजार डॉलरपेक्षा जास्त मिळत नसत. 2025 च्या कायद्याने ती मर्यादा 1 लाख 55 हजारांवर नेली. पण ही मर्यादा शेताला नसून माणसाला आहे. वरच्या उदाहरणात 2,000 बेस एकर धरले, तर रक्कम 2 लाख 4 हजार होते. एकट्या माणसाला ती जुन्या मर्यादेत बसत नव्हती, पण नवरा-बायको दोघं पात्र असले की आरामात बसायची. भागीदारीत जेवढे भागीदार पात्र, तेवढ्या मर्यादा. 2018 च्या कायद्याने पुतणे, भाचे आणि चुलत-मावस भावंडंही 'कुटुंब' या व्याख्येत आणली. पीकविम्याच्या हप्त्यावरच्या अनुदानाला तर अशी कमाल मर्यादाच नाही.

समर्थकांची बाजूही आहे. ज्याचं क्षेत्र मोठं, त्याचा खर्च, कर्ज आणि जोखीमही मोठी. भाव पडला की त्याचा तोटाही लाखांत असतो. शिवाय हा पैसा काउंटीतच फिरतो. बँकेचा हप्ता, ट्रॅक्टरवाल्याचं बिल, खत-बियाण्याची उधारी यातूनच चुकते होतात.

पैसा शेवटी राहतो कोणाकडे?

अमेरिकेतली सुमारे 40 टक्के शेतजमीन भाड्याने कसली जाते आणि त्यातली सुमारे 80 टक्के जमीन स्वतः शेती न करणाऱ्या मालकांची आहे. जमीन रोख भाड्याने असेल, तर अनुदान कसणाऱ्याला मिळतं. पीक वाट्याने असेल, तर दोघांत वाटलं जातं. 1934 च्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे. पण या जमिनीवर अनुदान मिळतं हे मालकालाही ठाऊक असतं, आणि तो भाडं त्या हिशोबाने ठरवतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञ बॅरेट कर्वन यांच्या अभ्यासात, अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमधले सुमारे 25 सेंट भाड्याच्या रूपाने मालकाकडे जातात, असं दिसलं.

आपल्याकडे काय वेगळं?

पीएम-किसानमध्ये वर्षाला 6,000 रुपये आणि महाराष्ट्रात 'नमो शेतकरी'चे आणखी 6,000 मिळतात. एक एकर असो की दहा, रक्कम तीच. म्हणजे जास्त जमिनीला जास्त पैसा हा प्रश्न इथे नाही. पण पात्रता जमिनीच्या नोंदीवरच ठरते. दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा बटईने कसणाऱ्याला यातलं काही मिळत नाही.

पारदर्शकतेत मात्र अमेरिकेकडून घेण्यासारखं आहे. काउंटी निवडून तिथल्या लाभार्थ्यांची नावं आणि रकमा कोणालाही ऑनलाइन पाहता येतात. पीकविम्याच्या लाभार्थ्यांची नावं मात्र कायद्याने गुप्त आहेत.

त्यामुळे पुढच्या वेळी 'अमेरिकेत शेतकऱ्याला लाखो डॉलर' अशी पोस्ट दिसली, तर तीन प्रश्न विचारून पाहा. पैसा कोणत्या पिकाला? किती एकरांच्या नोंदीवर? आणि नोंदीत नाव कोणाचं, मालकाचं की कसणाऱ्याचं? यातला तिसरा प्रश्न टायरोंझातल्या बटईदारांनी 1934 मध्येच विचारला होता. अनुदानाची कोणतीही योजना तपासताना तो आजही लागू पडतो.